तिकीट माझं, देणगी संस्थेची: परदेशी ट्रेकच्या निमित्ताने निधी कसा उभारायचा

"म्हणजे फिरायला तू जाणार आणि पैसे आम्ही द्यायचे?"

हा प्रश्न येणारच, तयारीत राहा. मी एव्हरेस्ट बेस कॅम्पच्या ट्रेकच्या निमित्ताने एका संस्थेसाठी देणग्या मागायला निघाले, तेव्हा आमच्या लालबागच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी मला तो भर जिन्यात विचारला. ऑफिसात साहेबांनी जरा गोड शब्दांत विचारला. नणंदबाई मला काही बोलल्या नाहीत, दिरांकडे बोलल्या. प्रश्नात वावगं काहीच नाही. आपल्याकडे माणूस गणपतीच्या वर्गणीचासुद्धा हिशेब मनात ठेवतो, मग तुमच्या एव्हरेस्टचा का नाही ठेवणार?

ब्रिटनमध्ये ही पद्धत जुनी आहे. संस्था सांगते, इतके पौंड किमान गोळा करून आणा. त्यातल्या काही रकमेतून तुमचा प्रवासखर्च निघतो, उरलेले संस्थेला. तिथेही त्यावर वाद होतात. आपल्याकडे तर हे पटवून देताना तोंडाला फेस येईल. म्हणून माझं ठाम मत असं: ट्रेकचा एकूण एक रुपया स्वतःचा घालायचा. विमान, गाइड, पोर्टर, विमा, बूट, वाटेतला चहा, शेवटची बक्षिशी, सगळं. ज्यांना ते जमत नाही त्यांनी ट्रेक पुढे ढकलावा किंवा छोटा करावा. पण देणगीतून कापून घेऊ नये, आणि "थोडेसेच घेतले" असंही करू नये. हे एकदा पक्कं केलं की पुढचं सगळं सोपं जातं, कारण काकांच्या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात देता येतं: "माझी रिकरिंग मॅच्युअर झालीये काका, तिच्यातून जातेय. तुम्ही द्याल ते थेट संस्थेच्या खात्यात जाईल, माझ्या हाताला लागणारही नाही."

मी एका कंपनीत अकाउंट्स बघते, त्यामुळे या लेखात डोंगर कमी आणि खातेवही जास्त आहे. डोंगरावर लिहिणारे पुष्कळ आहेत.

आधी संस्था, मग डोंगर

बहुतेक जण उलटं करतात. ट्रेक ठरवतात, तिकीट काढतात आणि मग "कुणासाठी तरी पैसे गोळा करूया" म्हणत संस्था शोधतात. समोरच्याला ते लगेच कळतं.

मला संस्था शोधावी लागली नाही. परळला टाटा हॉस्पिटलच्या बाहेर फुटपाथवर चादर अंथरून बसलेली कुटुंबं मी वर्षानुवर्षं येता-जाता बघतेय. बिहार, बंगाल, विदर्भ, कुठून कुठून येतात. पोराचे उपचार महिनोन् महिने चालतात आणि मुंबईत राहायला जागा नाही. अशा मुलांच्या कुटुंबांना खोली आणि शिधा देणाऱ्या संस्था या भागात आहेत, त्यांतल्या एका छोट्या संस्थेसाठी मी पैसे गोळा केले. तुमचं काही वेगळं असेल. पण ते असं असावं की कुणी जिन्यात अडवून "हेच का?" विचारलं तर कागद न बघता दोन मिनिटं बोलता यावं.

संस्था मनात भरली तरी कागद बघायचेच. सार्वजनिक न्यास म्हणून धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी आहे का (आपल्याकडे महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० लागू होतो, आयुक्तांचं कार्यालय वरळीला आहे), आयकराची १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराला करात वजावट) ही दोन्ही प्रमाणपत्रं चालू आहेत का, आणि गेल्या वर्षीचा ऑडिट झालेला ताळेबंद. ८०जीवर मुदतीची तारीख असते, ती नीट वाचा. पूर्वी एकदा मिळालं की मिळालं असं असायचं, आता ठरावीक वर्षांनी नूतनीकरण लागतं, आणि काही संस्थांच्या भिंतीवर अजून जुनाच कागद फ्रेममध्ये लटकतोय. कागद मागितल्यावर जी संस्था रागावते तिच्यासाठी मेहनत करू नका.

मग संस्थेकडून चार गोष्टी घ्या. पहिली, लेटरहेडवर पत्र, की अमुक व्यक्ती अमुक काळात आमच्यासाठी देणग्यांचं आवाहन करणार आहे आणि देणग्या थेट संस्थेच्या खात्यात जमा होतील. दुसरी, संस्थेच्या नावाचा क्यूआर कोड आणि खाते क्रमांक. तिसरी, हा पैसा नक्की कशासाठी वापरला जाईल ते लेखी. चौथी गोष्ट म्हणजे त्यांच्या अकाउंटंटचा मोबाइल नंबर. या चौथीला कमी लेखू नका. अध्यक्ष, सचिव ही मंडळी सत्काराला भेटतात, पावती मात्र अकाउंटंट काढतो. मी त्याच्याशी पहिल्याच दिवशी ठरवून घेतलं की माझ्यामुळे येणाऱ्या प्रत्येक देणगीच्या तपशिलात "ट्रेक" हा शब्द असेल. यूपीआय करताना खाली टीप लिहायची जागा असते ना, तिथे. दर शनिवारी तो मला "ट्रेक"वाल्या नोंदींची यादी व्हॉट्सअॅपवर पाठवायचा आणि मी ती माझ्या वहीशी ताडून बघायचे. हे केलं नाही तर महिन्याभरात कुणाचे आले, कुणाचे नाही, याचा असा गोंधळ होतो की बोलायची सोय नाही.

पैसे स्वतःच्या गुगल पेवर अजिबात घेऊ नका. "तू घे गं, मग भर तिकडे" म्हणणारे खूप भेटतील, प्रेमानेच म्हणतील. पण तुमच्या खात्यात आलेला पैसा आयकराच्या दृष्टीने तुमचाच दिसतो, देणगीदाराला पावती तुमच्या नावाची मिळते, आणि कुजबुजायला जागा होते ती वेगळीच. शिवाय नोंदणी नसलेल्यांनी लोकांकडून निधी गोळा करायचा तर धर्मादाय आयुक्तांची परवानगी लागते. गणेशोत्सव मंडळं दरवर्षी जी काढतात तीच. नोंदणीकृत संस्थेच्या खात्यात थेट पैसे गेले की तुम्ही फक्त आवाहन करणारे उरता.

रोख देणारे असतातच. आमच्या गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या मासेवाल्या मावशींनी कनवटीची दोनशेची नोट काढून दिली, आणि क्यूआर दाखवल्यावर "ते माझा पोरगा करतो, तू हेच ने" म्हणाल्या. अशांसाठी संस्थेकडून छापील पावतीपुस्तक सही करून घ्या, तिथल्या तिथे पावती फाडा आणि त्याच आठवड्यात रोकड संस्थेत भरा. मावशींनी पावती घडी घालून बटव्यात ठेवली, फेकली नाही. मोठी रोख मात्र घेऊ नका. दोन हजारांच्या वर रोख दिलेल्या देणगीला ८०जीची वजावट मिळतच नाही. लोकलमध्ये किंवा स्टेशनवर डबा घेऊन फिरायचा विचार असेल तर तो आत्ताच सोडा.

कुठला डोंगर?

परदेशच का, कळसूबाई का नाही, असं मला माझ्या ट्रेकर मैत्रिणींनीच विचारलं. खरं सांगायचं तर, लोक थांबून ऐकतात म्हणून. कळसूबाईला मुंबईतली निम्मी कॉलेजं जाऊन आलेली असतात. एव्हरेस्ट म्हटलं की आमचा लिफ्टमनही मजला विसरतो. या नावाचा फायदा घ्यायचा, पण प्रामाणिकपणे. बेस कॅम्प म्हणजे शिखर नव्हे. शिखर ८,८४८.८६ मीटर, नेपाळकडचा बेस कॅम्प ५,३६४ मीटर. आवाहनात "बेस कॅम्पपर्यंत चालत" असं स्पष्ट लिहा. नाहीतर पाठवतापाठवता कुणीतरी "लालबागची लेक एव्हरेस्टवर" असं करून टाकतं आणि परत आल्यावर खुलासे तुम्ही देत बसता.

पहिल्यांदाच उंचीवर जाणार असाल तर अन्नपूर्णा बेस कॅम्प बरा. ४,१३० मीटर, पोखऱ्याहून सुरुवात, दिवसही कमी लागतात. टांझानियातलं किलिमांजारो ५,८९५ मीटर, तिथे थेट शिखरावरच जाता येतं हे लोकांना सांगायला छान. पण विमानभाडं आणि राष्ट्रीय उद्यानाची फी मिळून खर्च बराच वर जातो, आणि खर्च आपलाच आहे हे विसरू नका. नेपाळ आपल्या खिशाला झेपतं. भारतीयांना व्हिसा लागत नाही, एका भारतीय रुपयाचे एक रुपया साठ पैसे नेपाळी हा दर कित्येक वर्षं ठरलेला आहे, आणि सगरमाथा राष्ट्रीय उद्यानाचं प्रवेशशुल्क सार्क देशांच्या नागरिकांना निम्मं पडतं. विमानाने जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र न्या, आधारवर विसंबू नका. मुंबईतल्या कंपनीकडून परदेशी पॅकेज घेतलंत तर बिलात जीएसटीबरोबर टीसीएसही (विक्रेत्याने आधीच गोळा केलेला आयकर) लागतो. टीसीएस विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो, बिल जपून ठेवा.

विम्याचं जरा थांबून वाचा. साध्या प्रवास विम्यात ठरावीक उंचीच्या वरचा ट्रेक बसत नाही आणि ते बारीक अक्षरात असतं. माझ्या एजंटने "सगळं कव्हर आहे मॅडम" असं तीनदा सांगितलं. मी म्हटलं, मग मेलवर लिहून दे, साडेपाच हजार मीटरपर्यंत आणि हेलिकॉप्टरने खाली आणण्यासकट. मेल काही आली नाही. दुसरी पॉलिसी घेतली. आणि तिकडे गेल्यावर कुणी उगाच हेलिकॉप्टरची घाई करू लागला तर सावध राहा. गरज नसताना बचाव दाखवून विम्याचे पैसे लाटण्याचे प्रकार इतके वाढले होते की २०१८ साली नेपाळ सरकारलाच चौकशी करावी लागली.

आकडा कसा ठरवायचा, कसा मागायचा

"जमेल तेवढे द्या" म्हटलं की लोक शंभर देतात, किंवा नंतर देतो म्हणतात. आकडा द्यावा लागतो, आणि तो हवेतून काढलेला नको. मी संस्थेला विचारलं, एका कुटुंबाच्या एका दिवसाच्या राहण्या-जेवणाचा खर्च किती? तो आला की गुणाकार सोपा. समजा सहाशे रुपये दिवसाला पडतात, तर महिन्याला अठरा हजार. पाच कुटुंबांना सहा महिने ठेवायचं तर पाच लाख चाळीस हजार. हे लक्ष्य सांगताना कुणी भुवया उंचावत नाही, कारण त्यामागे पाच खोल्या दिसतात.

मग मी देणगीचे टप्पे उंचीवरून पाडले, मीटरला एक रुपया. सगळ्यात खाली आपलं कळसूबाई, १,६४६ रुपये. मग लुक्ला, जिथे विमान उतरतं, २,८६०. नामचे बाजार ३,४४०. डिंगबोचे ४,४१०. बेस कॅम्प ५,३६४. ही युक्ती इतकी चालली की लोक आपसात "मी नामचेपर्यंत दिले, तू?" असं विचारायला लागले. ऑफिसातल्या एकाने कळसूबाई दिलं होतं, शेजारच्या टेबलवाल्याने डिंगबोचे दिल्यावर त्याने गुपचूप फरक भरला. गरिबाला टप्प्याचं ओझं वाटू नये म्हणून खाली एक ओळ टाका: "यातलं काहीच नको असेल तर एका कुटुंबाचा एक दिवस."

एक सूट मात्र देऊ नका. "तू बेस कॅम्पला पोचलीस तर पाच हजार" असे अटीचे पैसे घेऊ नका. ऐकायला मजेदार वाटतं, पण समजा बेस कॅम्पच्या अलीकडच्या लोबुचेला, ४,९४० मीटरवर, रात्री डोकं ठणकतंय, उलटी झालीये, आणि गाइड म्हणतोय खाली चला. त्या क्षणी तुमच्या मनात पोरांच्या खोल्यांचे पैसे फिरायला लागले तर तुम्ही वर जाल. उंचीच्या आजारात माणसं अशीच दगावतात, लक्षणं लपवून आणि वर चढत राहून. म्हणून आवाहनातच लिहा: मी कुठूनही परतले तरी देणगी संस्थेचीच. आणि जमेल तितका पैसा निघायच्या आधी जमा करा. मग डोंगरावर फक्त डोंगराचा विचार करता येतो.

माझा मेसेज असा होता, हवा तर उचला:

"नमस्कार. एप्रिलमध्ये मी एव्हरेस्ट बेस कॅम्पपर्यंत (५,३६४ मीटर, शिखर नव्हे) चालत जातेय. जाण्यायेण्याचा सगळा खर्च माझा. या निमित्ताने परळला कॅन्सरवर उपचार घेणाऱ्या मुलांच्या पाच कुटुंबांच्या सहा महिन्यांच्या राहण्याची सोय करायची आहे. देणगी थेट संस्थेच्या खात्यात, सोबत क्यूआर आहे. टीप म्हणून 'ट्रेक' लिहा. पावतीसाठी पूर्ण नाव, पत्ता आणि पॅन मला किंवा संस्थेला कळवा. मी पोचले नाही तरी पैसे त्या मुलांचेच. काही विचारायचं असेल तर रात्री आठनंतर फोन करा, आवडेल."

शेवटच्या वाक्याने फोन येतात, आणि फोनवर आलेला माणूस सहसा देतो. ग्रुपवर टाकलेल्या मेसेजला अंगठे आणि हात जोडलेले मिळतात, पैसे नाहीत. मी ग्रुपवर एकदाच टाकला आणि नंतर रोज संध्याकाळी एकेकाला नाव घेऊन वेगळा पाठवला. "मामी, कशा आहात, गुडघा कसा आहे" इथून सुरुवात करून. वेळ जातो. दुसरा मार्ग मला तरी सापडला नाही.

वेळेचंही गणित आहे. श्रावण लागला की दहीहंडी, गणपती, नवरात्र, मुंबईकराच्या खिशाला तेव्हा रांगेने वर्गणीवाले लागलेले असतात. त्या दिवसांत तुम्ही तिसरे किंवा चौथे. दिवाळीत बोनस असतो पण खर्चही असतो. मला जानेवारी ते मार्च सोयीचे वाटले. जानेवारीत मॅरेथॉन असते, २००४ पासून शहराला सवय झालीये की माणसं पळतात आणि त्या निमित्ताने संस्थांसाठी पैसे गोळा करतात, त्यामुळे "ट्रेकसाठी देणगी म्हणजे काय" हे वेगळं समजवावं लागत नाही. शिवाय ३१ मार्चच्या आधी कर वाचवायची घाई. आणि नेपाळचा वसंतातला मोसम मार्च ते मे, म्हणजे जमवून लगेच निघता येतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरचा मोसम हवामानाला चांगला, निधीला वाईट.

कराची सूट: खोटं बोलू नका

"टॅक्स फ्री आहे" असं सरसकट सांगत सुटू नका. ८०जीची वजावट फक्त जुनी करप्रणाली निवडणाऱ्यांना मिळते. नव्या प्रणालीत नाही, आणि आता आपण काही निवडलं नाही तर नवीच लागू होते. जुन्या प्रणालीतही बऱ्याच संस्थांना पन्नास टक्केच वजावट असते, शिवाय उत्पन्नाच्या प्रमाणात वरची मर्यादा. म्हणजे दहा हजार दिले तर उत्पन्नातून पाच हजार वजा. वीस टक्क्यांच्या टप्प्यात बसणाऱ्याचे उपकरासह एक हजार चाळीस रुपये वाचतात. दहा हजार नव्हे! हे मी आधीच सांगायचे. एक-दोघांनी हात आखडता घेतला, पण नंतर कुणी भांडायला आलं नाही.

सोसायटीच्या आवारात आम्ही एका रविवारी थालीपीठ-लोण्याचा स्टॉल लावला होता, नफा संस्थेला. जमले बरे. पण थालीपीठ खाऊन दिलेले पैसे देणगी होत नाहीत, मोबदल्यात वस्तू मिळाली. त्याची ८०जी पावती मागू नका आणि देऊ नका. आमच्याकडे एका गृहस्थांनी चार थालीपिठांची मागितली होती.

आता परदेशातले नातेवाईक. इथे भलेभले अडकतात. माझा भाचा न्यू जर्सीला, उत्साहाने म्हणाला शंभर डॉलर पाठवतो. संस्थेकडे एफसीआरएची, म्हणजे विदेशी देणगी घेण्यासाठी लागणारी नोंदणी नव्हती, आणि भाच्याने अमेरिकन नागरिकत्व घेतलंय. ओसीआय कार्ड (मूळच्या भारतीयांना मिळतं ते) असलं तरी कायद्याने तो परकीय स्रोत. त्याचा पैसा अशा संस्थेला घेताच येत नाही, आणि "मावशीच्या खात्यात टाकतो, ती भरेल" ही पळवाट तर अजिबात नको. पण भाचेसूनबाई अजून भारतीय पासपोर्टवर आहेत. परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेला पैसा विदेशी देणगी धरला जात नाही. तिने आपल्या पगारातून, आपल्या खात्यातून पाठवले. पावती तिच्या नावाची, भाचा जरा हिरमुसला. तेव्हा परदेशातल्या प्रत्येकाला "कसा आहेस"च्या आधी "पासपोर्ट कुठला?" हे विचारा.

ऑनलाइन निधीच्या मंचांबाबतही सावध राहा. पसरायला सोपे, पण शुल्क किती आणि देणगीदाराच्या बिलात "टिप" आधीच भरलेली आहे का ते स्वतः दहा रुपये देऊन बघा. ओळखीपाळखीतच गोळा करणार असाल तर संस्थेचा क्यूआर पुरे.

नोकरी करणाऱ्यांनी एचआरला एक मेल टाकावी: कर्मचाऱ्यांनी जमवलेल्या देणगीएवढी भर कंपनी घालते का? काही घालतात, आणि एका फटक्यात रक्कम दुप्पट होते. पण याला सीएसआर, म्हणजे कंपन्यांनी समाजकार्यावर करायचा खर्च, समजू नका. कंपनी कायद्याखालचा तो दोन टक्क्यांचा पैसा वेगळा, त्यासाठी संस्थेचीही वेगळी नोंदणी लागते आणि निर्णय समितीत होतात. तुमच्या ट्रेकसाठी ती फाइल हलणार नाही.

अंगाची तयारी, थोडक्यात

पाठीवर पाण्याच्या बाटल्यांची सॅक घेऊन इमारतीचे जिने, आठवड्यातून चार दिवस. शनिवार-रविवार कर्जत नाहीतर कसारा लोकल: पेब, राजमाची, आणि शेवटच्या महिन्यात कळसूबाई. जिने चढताना लोक भेटतात, त्यांच्याकडून देणगीही निघते. पाठीवरच्या सॅकवर मी क्यूआर टाचला होता. सह्याद्री पाय तयार करतो, फुप्फुसं नाही. समुद्रसपाटीवर राहून उंचीचा सराव होत नाही, म्हणून कार्यक्रमातच सवड हवी. तीन हजार मीटरच्या वर रोज झोपण्याची उंची तीनशे ते पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढू नये, आणि दर तीन-चार दिवसांनी एक मुक्काम जास्तीचा. जो आयोजक नामचेचा जास्तीचा मुक्काम गाळून स्वस्तात नेतो त्याच्याबरोबर जाऊ नका. उंचीच्या आजारावरची डायमॉक्स गोळी घ्यायची की नाही हे डॉक्टरांना विचारा, सल्फाची अॅलर्जी असेल तर आधी सांगा. चाळिशीच्या पुढे असाल तर बीपी, शुगर, हृदयाची तपासणी निघण्याच्या निदान दोन महिने आधी.

लुक्लाचं विमान मोसमात बऱ्याचदा काठमांडूहून नाही तर रामेछापच्या मंथली विमानतळावरून सुटतं. म्हणजे मध्यरात्री उठून चार-पाच तास गाडी. आणि ढग आले की विमान रद्द. परतीच्या तिकिटाआधी दोन दिवस मोकळे ठेवा, रजा तशी टाका. पोर्टरच्या पाठीवर किती किलो देणार, त्याला विमा आणि गरम कपडे आहेत का, हे बुकिंगच्या आधी विचारा. परळच्या मुलांसाठी चालायचं आणि शेर्पा पोराच्या पाठीवर चाळीस किलो लादायचे, हे काही जुळत नाही.

वाटेत आणि परतल्यावर

वरून रोज फोटो पाठवायचं वचन देऊ नका. वायफायला पैसे पडतात आणि चार्जिंगलाही. मी नामचेहून एक, डिंगबोचेहून एक आणि परत नामचेला उतरल्यावर एक, असे निरोप पाठवले. मधल्या दिवसांत बहिणीने ग्रुप सांभाळला. बेस कॅम्पवर फोटो काढताना संस्थेचं नाव लिहिलेला कापडी फलक धरा, देणगीदारांची नावं नव्हे. एखादं राहिलं तर आयुष्यभर ऐकावं लागतं.

परतल्यावर आठवड्याच्या आत हिशेब द्या, उशीर नको. एका पानात मावेल इतकाच: एकूण किती आले, किती यूपीआयने, किती चेकने, किती रोख, किती कंपनीकडून, आणि संस्थेच्या अकाउंटंटची सही. माझ्या ट्रेकचा खर्च मी त्याच पानावर खाली वेगळ्या चौकटीत लिहिला, पुढे "स्वतः". तो लिहायची सक्ती कुणी केली नव्हती. पण दुसऱ्या मजल्यावरचे काका ते पान चष्मा लावून खालपर्यंत वाचतील हे मला माहीत होतं.

"देतो गं, तू जाऊन ये आधी" म्हणणारे या टप्प्यावर हाताशी येतात. त्यांची यादी निघण्यापूर्वीच करून ठेवा आणि परतल्यावर फोटो पाठवताना त्याच मेसेजमध्ये क्यूआर जोडा. दुसऱ्यांदा आठवण करा. तिसऱ्यांदा करू नका, पुढच्या वर्षी हीच माणसं लागतात.

कराच्या पावतीचं काम मात्र लांबतं. आर्थिक वर्ष संपल्यावर संस्था देणगीदारांची यादी पॅनसह आयकर खात्याकडे भरते, त्यानंतर प्रमाणपत्र तयार होतं, आणि वजावट त्यावरच मिळते. ही यादी भरून होईपर्यंत मे संपतो. पॅनमध्ये एक अक्षर चुकलं तर तो देणगीदार गळतो. म्हणून एप्रिलमध्येच अकाउंटंटबरोबर बसून सगळे पॅन नावांशी ताडून घ्या. चहा तुमच्याकडून. जून उजाडला की विवरणपत्र भरणाऱ्यांचे फोन सुरू होतात, "ताई, ते ट्रेकचं सर्टिफिकेट अजून आलं नाही". तेव्हा वही फोनशेजारीच ठेवा, आणि अकाउंटंटचा नंबरही.